पांढरीखालचा पुरावा : मराठवाड्यात प्राचीन इतिहासाची पीएच.डी.

[दृश्य : तेर, जिल्हा धाराशिव. तेरणेचा काठ, उंचवट्यावरची घरं, मातीची कापलेली कड]

शेती काळीत आणि वस्ती पांढरीत, अशी मराठवाड्यातल्या जुन्या गावांची रीत. एकाच जागी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. घरं पडली, त्यावर नवी उठली. चुलीतली राख, खापरं, भिंतींची माती साचत गेली आणि गाव आपोआप उंच झालं. ही पांढरी माती माळवदावर अंथरायला चांगली, म्हणून लोक ती खणून न्यायचे. खणताना मणी निघायचे, शिशाची नाणी निघायची, केओलिनच्या पांढऱ्या मातीतून साच्यानं काढलेल्या बाहुल्या निघायच्या.

गोरोबाकाकांचं गाव म्हणून तेर सगळ्यांना ठाऊक. सातवाहनांच्या काळात याच गावाला तगर म्हणत. गावात निघणाऱ्या या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवल्या. आज गावातलं सरकारी संग्रहालय त्यांच्याच नावानं उभं आहे.

[दृश्य : संग्रहालयातली कपाटं, मण्यांच्या रांगा]

पर्यटक ही कपाटं पाहून हरखतो. पीएच.डी. करणाऱ्याची पंचाईत मात्र इथंच सुरू होते. मणी सुरेख आहे, पण तो कुठल्या थरातून आला? त्याच्या शेजारी कुठलं खापर होतं? वर राखेचा थर होता की पुराचा गाळ? मातीबरोबर ही माहितीही गेली. लामतुऱ्यांनी जमवलं नसतं तर वस्तूही गेल्या असत्या, हे खरंच. पण थर नसलेल्या वस्तूवर काळ सांगायचा, तर रीतसर उत्खननात निघालेल्या तशाच वस्तूशी ताडून पाहावं लागतं. मग उत्खननाचे अहवाल शोधा. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, म्हणून सुरुवातीचे कागद हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे. त्यापुढचे कधी पुण्यात, कधी नागपुरात, कधी दिल्लीत.

प्रवेशाची वाट सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. नेट, सेट या पात्रता परीक्षा किंवा पेट ही विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. मग मुलाखत, गाईड मिळणं, समितीपुढं संशोधन आराखडा, आणि कोर्सवर्क. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रबंधाला किमान ३ वर्षं, कमाल ६, मुदतवाढ वेगळी. जेआरएफ ही संशोधनवृत्ती असेल तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये. नसेल तर बहुतेक जण कुठल्या तरी महाविद्यालयात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतात, आणि दिवाळीच्या नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीत लेणी गाठतात.

खरी गोची विषय निवडताना होते. ‘मराठवाड्यातील प्राचीन स्थापत्याचा सांस्कृतिक अभ्यास’ अशा थाटाचं शीर्षक ऐकायला भारदस्त वाटतं. ते पानं भरायला सोपं आणि सिद्ध करायला अशक्य. आमच्या मते एक लेणं, एक नाणेसंग्रह किंवा एका तालुक्यातले शिलालेख, एवढं पुरे.

[दृश्य : पितळखोरा. पायऱ्या उतरताना, पावसाळ्यातला धबधबा, चैत्यगृहाचे खांब]

पितळखोऱ्याचंच बघा. कन्नड गावाच्या पुढं, गौताळा अभयारण्यात, दरीत उतरून जायचं. इसवी सनापूर्वीची ही लेणी. खांबावर ब्राह्मी अक्षरं आहेत: पैठणच्या गंधिक कुळातल्या मितदेवाचं दान. म्हणजे अत्तरवाला. शेजारच्या लेण्यात राजवैद्य मगिल आहे, आणि त्याच्या मुलाची न्‌ मुलीचीही नावं आहेत. राजा कोण, हे त्या ओळी सांगत नाहीत. दान देणाऱ्या मुलीचं नाव सांगतात, दता. एवढ्या दोन-चार ओळींवरून पैठणचा पैसा डोंगरापर्यंत कसा पोचला, कुठले व्यवसाय दान देण्याच्या ऐपतीचे होते, बायकांच्या हाती स्वतःचं धन होतं का, असे प्रश्न उभे राहतात. एक प्रबंध त्यात सहज खपतो.

इथंच सापडलेल्या एका यक्षाच्या हातावर कोरलंय, ‘कण्हदासेन हिरंनकारेन कता’. कण्हदास सोनारानं घडवली. दगडाची मूर्ती, आणि घडवणारा सोनार! तो यक्ष पाहायचा तर आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात जावं लागतं. कन्नडच्या मुलाला पितळखोऱ्यापेक्षा पितळखोऱ्याचा यक्ष लांब.

[दृश्य : शिलालेखाचा ठसा घेताना हात]

फोटोवर भागत नाही. दगड ब्रशनं धुवायचा, ओला कागद चिकटवायचा, ताठ केसांच्या ब्रशनं तो ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा. कागद जरासा सुकत आला की शाईचा बोळा हलक्या हातानं फिरवायचा. खाचांत शाई जात नाही, म्हणून काळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात. अर्थात आधी परवानगी. संरक्षित स्मारकावर कुणालाही कागद चिकटवता येत नाही.

वाचायला ब्राह्मी लिपी आणि प्राकृत हवं, पुढच्या काळासाठी संस्कृत. लातूर, नांदेड, धाराशिवकडं वळलात तर कल्याणी चालुक्यांचे लेख जुन्या कानडीत. एम.ए.पर्यंत यातलं बहुतेकांच्या वाट्याला जेमतेम येतं. बरीचशी शिकवणी प्रवेशानंतर, स्वतःच्याच जिवावर.

[दृश्य : नकाशा. भडोच, पैठण, तेर, भोकरदन, मग इटली]

आता मराठवाड्याचा सर्वांत लाडका विषय, हस्तिदंती मूर्ती. एक तेरच्या संग्रहालयात आहे. दुसरी भोकरदनला, म्हणजे प्राचीन भोगवर्धनात, १९७३ च्या उत्खननात निघाली. आणि त्यांच्याशी मिळतीजुळती एक १९३८ साली इटलीतल्या पाँपेईत सापडली होती. पाँपेई ज्वालामुखीखाली गाडलं गेलं इ.स. ७९ मध्ये, त्यामुळं ती मूर्ती त्याआधीची, हे पक्कं.

एवढं कळलं की भाषणं सुरू होतात: आमच्या तेरची मूर्ती रोमला गेली! बाजूनं बोलणारा पुरावाही आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय की गुजरातेतल्या भडोचपासून दक्षिणेकडं वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जाई. (तगर म्हणजे नेमकं कुठलं, यावरही वाद झाला. कुणी देवगिरी म्हणे, कुणी जुन्नर. १९०१ मध्ये शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी तेरचं नाव मांडलं आणि ते टिकलं.)

पण त्या यादीत हस्तिदंती मूर्तीचं नाव नाही. शिवाय पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी एक अक्षर कोरलेलं आहे आणि ते खरोष्ठी लिपीतलं. ही लिपी चालायची वायव्येकडं, गांधाराच्या बाजूला. तेर, पैठणला ब्राह्मी. म्हणजे मूर्ती इथली असून वायव्येच्या कारागिराच्या किंवा व्यापाऱ्याच्या हातून गेली? की तेव्हा अशा घडणीची चालच देशभर होती? प्रबंधात लिहिता येतं ते इतकंच: तिन्ही मूर्ती एका कलापरंपरेतल्या असाव्यात, तेर-भोकरदन पश्चिमेच्या व्यापारमार्गावर होती, आणि पाँपेईची मूर्ती इथंच घडली असं म्हणायला पुरावा अपुरा आहे.

गावच्या सत्कारात हे वाक्य चालत नाही. प्राचीन इतिहासाची पीएच.डी. करणाऱ्याला मात्र ते लिहावंच लागतं, आणि घरच्यांना, मित्रांना, कधी गावच्या सरपंचालाही समजावून सांगावं लागतं.

[दृश्य : विद्यापीठाचा परिसर, मागं औरंगाबाद लेण्यांचा डोंगर]

१९५८ साली सुरू झालेलं मराठवाडा विद्यापीठ, आजचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, या डोंगराच्या पायथ्याशी आहे. प्रबंध जमा झाला की परीक्षकांचे अहवाल येतात, मग खुली मौखिकी. नातेवाईक मागच्या बाकांवर, पेढ्यांचा बॉक्स कुणाच्या तरी मांडीवर. बाहेरून आलेले परीक्षक हमखास थराबद्दल विचारतात: ही नाणी पृष्ठभागावर मिळालेली, मग काळ कशावरून ठरवला? ‘नाण्यावरच्या राजाच्या नावावरून आणि अक्षरवळणावरून, थराचा आधार नाही,’ एवढं स्वच्छ उत्तर आलं की पुढचे प्रश्न सौम्य होतात.

पदवी मिळते. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढतो. पुरातत्त्व खात्यात जागा मोजक्या, प्राध्यापकभरतीची जाहिरात कधी निघेल ते कुणी सांगत नाही. जूनमध्ये नावापुढं डॉक्टर लावून सीएचबीचा अर्ज पुन्हा भरायचा असतो.