युटाच्या सिनेटर डॉक्टरीणबाई

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेत राज्याच्या सिनेटवर, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या वरच्या सभागृहावर, निवडून आलेली पहिली स्त्री म्हणजे युटाच्या डॉ. मार्था ह्यूज कॅनन. साल १८९६. त्यांचं नाव निघालं की एकच किस्सा सांगतात, की बाईंनी निवडणुकीत नवऱ्याला पाडलं. किस्सा खोटा नाही, पण अर्धवट आहे. सॉल्ट लेक परगण्यातून पाच जागा एकदम भरायच्या होत्या. डेमोक्रॅटांच्या यादीत मार्थाबाई, रिपब्लिकनांच्या यादीत त्यांचे पती अँगस. डेमोक्रॅटांचे पाचही जण आले, अँगसराव पडले. ही काही समोरासमोरची कुस्ती नव्हती. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटलेल्या एमेलाइन वेल्स याही रिपब्लिकनांकडून उभ्या होत्या आणि त्याही पडल्या. त्यांचं कुणी नाव काढत नाही.

मार्थाबाईंचा जन्म १८५७ चा, ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातला. मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथात, ज्यात तेव्हा बहुपत्नीत्व रूढ होतं, गेलेलं त्यांचं कुटुंब युटाला निघालं. वाटेत धाकटी बहीण गेली आणि सॉल्ट लेकला पोचल्यावर तीनच दिवसांत वडील गेले. पोरवयातच मार्थाबाई छापखान्यात खिळे जुळवू लागल्या आणि त्या कमाईतून शिकल्या. १८८० मध्ये मिशिगन विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. पुढे फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातली पदवी घेतली, आणि जोडीला वक्तृत्वाचं रीतसर शिक्षणही. फिलाडेल्फिया म्हटलं की आपल्याला आनंदीबाई जोशी आठवणारच. पण आनंदीबाई तिथं १८८३ मध्ये पोचल्या, कॉलेजही वेगळं. मार्थाबाईंचं शिक्षण १८८२ मध्येच आटोपलं होतं.

युटात परतून त्या डेझरेट हॉस्पिटलात निवासी डॉक्टर झाल्या. १८८४ मध्ये अँगस कॅनन यांच्याशी लग्न केलं, तेही गुपचूप, कारण त्या त्यांच्या चौथ्या पत्नी. बहुपत्नीत्वाविरुद्ध केंद्राचा कायदा आला होता, धरपकड चालू होती. आता डॉक्टरीणबाईंची अडचण बघा. अशा घरांतली बाळंतपणं त्यांनीच केलेली. मूल कुणाचं, कधी जन्मलं, हे कोर्टात सांगायला त्यांच्याइतका पक्का साक्षीदार दुसरा कोण? साक्ष द्यायला लागू नये म्हणून १८८६ मध्ये तान्ह्या मुलीला घेऊन त्या देश सोडून युरोपात गेल्या. परतल्यावर त्यांनी परिचारिकांसाठी शिक्षणवर्ग काढला.

आता सिनेट. १८९७ च्या पहिल्याच अधिवेशनात त्यांनी तीन विधेयकं मांडली. एक मुक्या-बहिऱ्या आणि अंध मुलांच्या सक्तीच्या शिक्षणाचं. दुसरं दिसायला अगदी किरकोळ: दुकानांत काम करणाऱ्या बायका-मुलींसाठी मालकानं खुर्ची किंवा स्टूल ठेवावं. हसण्यावारी नेऊ नका. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. एका जागी तासन्‌तास उभं राहिलं की ते काम थांबतं, रक्त खाली साचतं, घोटे सुजतात, शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. मेख एवढीच, की नुसतं ‘स्टूल ठेवा’ म्हणून भागत नाही. मालक स्टूल कोपऱ्यात ठेवतो आणि बसलेली मुलगी दिसली की डोळे वटारतो. हातात काम नसेल तेव्हा बसायची मुभाही कायद्यानंच द्यावी लागते.

तिसरं विधेयक राज्य आरोग्य मंडळाचं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं. घटसर्प, देवी, विषमज्वर हे आजार गावाची वेस ओळखत नव्हते, मग प्रत्येक गावानं आपापल्यापुरतं बघून काय उपयोग? साथ आवरायची तर डॉक्टरनं रोग्याची नोंद ताबडतोब कळवायची, त्याच्या घराशी येणं-जाणं बंद करायचं, कपडे-अंथरूण निर्जंतुक करायचं किंवा जाळायचं, पिण्याचं पाणी तपासायचं. यातली पहिलीच कडी तुटायची. घरावर साथीच्या रोगाची पाटी लागली की धंदा बसायचा, म्हणून लोक आजार लपवायचे. वरून विचारणारं मंडळ असलं तरच खालच्यांना कळवणं भाग पडतं. या मंडळाच्या पहिल्या सदस्यांत मार्थाबाईही होत्या.

१८९९ मध्ये त्यांना तिसरं अपत्य झालं. मॉर्मन चर्चनं १८९० मध्येच बहुपत्नीत्वाला जाहीर मनाई केली होती, त्यामुळे हे मूल म्हणजे उघड पुरावाच ठरला. बोभाटा झाला आणि बाईंची राजकीय कारकीर्द तिथंच संपली.

मंडळ मात्र चालू राहिलं, आणि लगेच लोकांच्या रोषाला पात्रही झालं. देवीची साथ आली तेव्हा शाळकरी मुलांना लस टोचलीच पाहिजे, असा मंडळाचा आग्रह होता. विरोध इतका पेटला की १९०१ मध्ये विधिमंडळानं सक्तीच्या लसीकरणाविरुद्ध कायदा केला, राज्यपालांनी नकाराधिकार वापरला, आणि तोही डावलून कायदा पुन्हा मंजूर झाला.

मार्थाबाई १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला वारल्या. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीत, युटातर्फे त्यांचा पुतळा बसला तो डिसेंबर २०२४ मध्ये. नमस्कार.