कापसाच्या खोलीतली मॅच

श्रोते हो, नमस्कार.

2020 सालच्या मे महिन्याची 16 तारीख, शनिवार, संध्याकाळचे सात. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात उन्हाची धग अजून भिंतीतून बाहेर पडत होती आणि आम्ही चार माणसं कापसावर बसून जर्मनीतली फुटबॉलची मॅच सुरू व्हायची वाट पाहत होतो.

कापसावर म्हणजे खरोखरच कापसावर. घराच्या पुढच्या खोलीत वीस-बावीस क्विंटल कापूस पडून होता. कोरोनाच्या टाळेबंदीत खरेदी थांबली, मग सुरू झाली ती नंबर लावून, आणि आमचा नंबर काही लागत नव्हता. लांब धाग्याचा हमीभाव 5550 रुपये, आणि व्यापारी दारात येऊन चार हजारांत मागत होता. उन्हाळ्यात कापूस घरात असला म्हणजे काय होतं, ते ज्याच्या घरात आहे त्यालाच ठाऊक. अंगाला खाज सुटते. कूलर लावायची सोय नाही, कापूस ओला होतो. काकांना बिडी ओढायची तर अंगणात जावं लागे. पण मोबाईलला रेंज होती ती त्याच खोलीत, खिडकीजवळ. म्हणून मी, माझा धाकटा पोरगा, त्याचा चुलतभाऊ आणि माझे काका असे आम्ही ढिगावर, आणि शेजारचे गुरुजी खिडकीच्या गजांपलीकडे अंगणात, तोंडाला गमछा बांधून. अंतर ठेवायचं म्हणून गुरुजी आत येत नसत. आले असते तरी जागा कुठे होती म्हणा.

आमच्याकडे फुटबॉल आलं ते कामठीहून. तिथे माझे मामा राहत. कामठी म्हणजे इंग्रजांची जुनी छावणी, तिथल्या मोहल्ल्यांतली पोरं चालायला लागली की बॉलला लाथ मारायला शिकतात. शाळेच्या सुट्टीत मी जायचो, ते वेड घेऊन यायचो. गावात बाकी सगळे क्रिकेटवाले. त्यामुळे आमचा कंपू लहान, पण भांडायला पुरेसा.

आणि त्या दोन महिन्यांत भांडणाचा विषय एकच होता. मॅच सुरू व्हाव्यात की नाही?

पोरगा इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचा चाहता. त्याचं दुःख वेगळंच होतं. लिव्हरपूलनं लीग जिंकली होती 1990 साली, म्हणजे तीस वर्षं झाली. आणि यंदा 25 गुणांनी पुढे, नऊ मॅच बाकी, दोन जिंकल्या की काम फत्ते. तर 13 मार्चला इंग्लंडमधलं फुटबॉल बंद. पोरगा आठवडाभर जेवताना बोलला नाही. काकांनी एकदा विचारलं, याले झालं तरी काय? मी सगळं समजावून सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हंजे कापूस वेचून झाला, गाडी भरली, अन् जिनिंगच्या फाटकाले कुलूप. असंच ना?"

असंच. मी आजवर लिव्हरपूलच्या त्या हंगामावर पुष्कळ वाचलं, पण याच्याहून नेमकं कोणी लिहिलेलं मला दिसलं नाही.

एप्रिलअखेर हॉलंडनं आपली लीग तिथल्या तिथे गुंडाळली. आयाक्स आणि एझेड या वरच्या दोन क्लबांचे गुण सारखे, पण विजेता कोणीच नाही. फ्रान्सनंही थांबवली, पण पॅरिसला विजेता ठरवून मोकळे झाले. इंग्लंडमध्येही काही जण म्हणू लागले, हंगामच रद्द करा. पोरगा हादरला. काका म्हणाले, "उभी पऱ्हाटी उपटून फेका म्हन्तेत काय? बोंडासकट?"

असं म्हटलं तरी मॅच सुरू करायला काकांचा विरोधच होता, आणि तो नुसता म्हाताऱ्याचा हट्ट नव्हता. "लोकं मरून राह्यले अन् हे बॉल खेळून राह्यले," हे त्यांचं पालुपद. मग खिडकीतून गुरुजी दाखले द्यायचे. इटलीतल्या बर्गामोच्या अटलांटाची 19 फेब्रुवारीला व्हॅलेन्सियाशी मॅच झाली, मिलानच्या मोठ्या स्टेडियमवर. बर्गामोहून चाळीस हजारांवर माणसं गेली, बसनं, गाड्यांनी. अटलांटानं चार गोल केले, गळ्यात गळे पडले. पुढच्या महिन्यात बर्गामोत शवपेट्या न्यायला लष्कराचे ट्रक आले. साथीची सगळी जबाबदारी त्या एका मॅचवर टाकता येत नाही, पण तिनं हातभार लावला असं त्या गावच्या महापौरांनाही वाटलं. आणि 11 मार्चला, बंदीच्या दोन दिवस आधी, लिव्हरपूलच्याच मैदानावर बावन्न हजार लोक बसले होते. त्यात तीन हजारांच्या आसपास माद्रिदहून आलेले. माद्रिदमध्ये तेव्हा शाळा बंद झाल्या होत्या, स्पेनच्या लीगमध्ये प्रेक्षकांना बंदी होती, आणि इथे मात्र या, बसा!

यावर पोरग्याकडे उत्तर नव्हतं. तो कापसातली सरकी बोटांनी काढत बसायचा.

जर्मनीनं दुसरी वाट काढली. दोन डिव्हिजनांच्या 36 क्लबांत 1724 चाचण्या केल्या, 10 बाधित निघाले, त्यांना वेगळं ठेवलं, आणि तारीख जाहीर केली. ड्रेस्डेनच्या टीममध्ये रुग्ण निघाले तर अख्खी टीम दोन आठवडे घरात. काकांना हा चाचण्यांचा आकडा खटकला. आमच्याकडे कुणाला खोकला आला तर नमुना जिल्ह्याला जायचा आणि अहवाल येईस्तोवर घरासमोर बांबू बांधलेला. "खेळनाऱ्यायले सतराशे, अन् आपल्याले बांबू!"

गुरुजींनी मग सांगितलं, की जर्मनीतल्या कट्टर चाहत्यांच्या संघटनाही हेच म्हणतात. त्यांचाही विरोध आहे, हा खेळ पैशासाठी सुरू करताहेत असं त्यांचं म्हणणं. काका खूश. "पाय, जर्मनीत बी शहाने लोकं हायेत."

पैशाचा मुद्दा खोटा नव्हताच. टीव्हीवाल्यांना मॅच दाखवल्या नाहीत तर त्यांचे पैसे परत. पण मला त्यात नुसती लबाडी दिसत नव्हती. जिनिंग बंद पडलं तर शेठचं काय जातं? तो दोन वर्षं बसून खाईल. घरी बसतो तो हमाल, मापारी, रेच्यावरची, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावरची बाई. क्लबातही गवत कापणारा, कपडे धुणारा, तिकीट फाडणारा असतोच. हे मी बोललो तेव्हा काकांनी नुसतं "हं" केलं. ते त्यांचं अर्धं कबूल.

तर ती संध्याकाळ. डॉर्टमुंड विरुद्ध शाल्क. शेजारशेजारच्या गावांचं हाडवैर. डॉर्टमुंडचं स्टेडियम 81 हजारांचं. एका गोलामागे नुसत्या उभ्यानं मॅच पाहणाऱ्यांची जागा आहे, पंचवीस हजारांच्या आसपास. सगळे पिवळ्या कपड्यांत. तिला म्हणतातच पिवळी भिंत. त्या दिवशी ती भिंत म्हणजे नुसत्या सिमेंटच्या पायऱ्या. बदली खेळाडू मास्क लावून दूरदूरच्या खुर्च्यांवर.

रिकामं स्टेडियम आम्ही पहिल्यांदा पाहत होतो असं नाही. 14 मार्चला गोव्यात फातोर्ड्याला आपल्या देशातल्या आयएसएल लीगची फायनल प्रेक्षकांविनाच झाली होती, एटीकेनं चेन्नईयनला 3-1 नं हरवलं. पण तेव्हा आम्ही गोंधळात होतो, कशाकडे लक्ष नव्हतं. या वेळी कान उघडे होते.

आणि काय ऐकू आलं! बॉलला बूट लागल्याचा आवाज. धप्. गोलकीपरचं ओरडणं. बाहेरून कोचची हाक, आणि तिचा घुमून परत आलेला आवाज. आमच्या खोलीत उलट. कापूस आवाज पिऊन टाकतो. तिथे कितीही जोरात बोला, भिंतीपर्यंत पोचत नाही. म्हणून ते मोबाईलमधलं घुमणं जास्तच मोठं वाटत होतं. खिडकीतून गुरुजी म्हणाले, "अहो, ही तर आपल्या शाळेच्या ग्राउंडवरची मॅच वाटते. डोळे मिटून ऐका."

मी मिटले. खरंच तशीच होती.

29 व्या मिनिटाला डॉर्टमुंडच्या हालांडनं गोल केला. मिठ्या नाहीत, अंगावर उड्या नाहीत. सगळे अंतर ठेवून उभे राहिले आणि तो एकटा, सावकाश, नाचला. काका म्हणाले, "लग्न झालं, पन वऱ्हाडच नाई." मॅच 4-0. शिटी झाल्यावर डॉर्टमुंडचे खेळाडू त्या रिकाम्या पिवळ्या भिंतीसमोर गेले आणि, रोज करतात तसं, हात वर करून तिला अभिवादन केलं. तिथे कोणी नव्हतं.

श्रोते हो, आता माझ्यासमोर माईक आहे, एक काच आहे, आणि काचेपलीकडे एक भला माणूस घड्याळाकडे बोट दाखवतो आहे. तुम्ही कोणी मला दिसत नाही. त्यामुळे त्या खेळाडूंना तेव्हा कसं वाटलं असेल, याचा मला थोडा अंदाज आहे.

पण त्या रात्री मला वेगळंच सुचलं. ती पंचवीस हजार माणसं तेव्हा होती कुठे? आपापल्या घरी, पडद्यासमोर. म्हणजे जिथे आम्ही जन्मभर होतो तिथे. आम्ही कोणी कधी युरोपातलं स्टेडियम पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. त्यांचं फुटबॉल गेलं, असं ते म्हणत होते. आमचं कुठे गेलं होतं? पहिल्यांदाच डॉर्टमुंडचा कामगार आणि आमच्या गावचा पोट्टा एकाच रांगेत बसले होते. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, थोडं बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी केंद्र सरकारचा आदेश आला: स्टेडियम उघडायला परवानगी, प्रेक्षकांना नाही. पोरगा धावत गुरुजींकडे. आपलं ग्राउंड उघडता का? गुरुजी म्हणाले, "ते स्टेडियम आहे की गुरांचं चराऊ रान, हे आधी ठरवून सांग."

त्या फेरीत जर्मनीत नऊ मॅच झाल्या. घरच्या टीमनं जिंकली ती एकच, डॉर्टमुंडची. पाच पाहुण्यांनी नेल्या, तीन बरोबरीत. काकांनी मान डोलावली. "घरचे लोकंच नाईत तं घर कायचं?" पुढे ग्लाडबाख क्लबनं चाहत्यांचे पुठ्ठ्याचे पुतळे खुर्च्यांवर बसवले, एकाचे 19 युरो. ते फोटो पाहून काका पोट धरून हसले. "आपून बुजगावनं उभं करतो पाखरं हाकलाले. हे माणसं आहेत असं दाखवाले!" इंग्लंडच्या मॅच 17 जूनला सुरू झाल्या, त्यात टीव्हीवर व्हिडिओ गेममधला गर्दीचा आवाज मिसळायचे. पोरग्याला तो लागायचा. मला ती धप् धप् बरी वाटे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या कापसाचा नंबर लागला. खोली रिकामी झाली, झाडली, कोपऱ्यात बियाण्याच्या पिशव्या आल्या. पाऊसही आला. 25 जूनच्या रात्री आम्ही पेरणीनं थकून झोपलो होतो. पोरगा मात्र त्या खोलीत एकटाच खिडकीला चिकटून. लिव्हरपूलची मॅचच नव्हती त्या दिवशी, दुसऱ्या नंबरच्या मँचेस्टर सिटीनं चेल्सीला हरवलं नाही की लिव्हरपूल विजेता. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली.

तीनच्या सुमाराला तो ओरडला. कापूस नसलेल्या त्या खोलीत ती आरोळी अशी घुमली, की अख्खं घर उठलं, कुत्री भुंकू लागली, शेजारी गुरुजींचा दिवा लागला. काका अंधारात काठी चाचपत आले.

"काय झालं बे? चोर शिरला काय?"

"आबाजी, लिव्हरपूल! सिटी हारली, 2-1!"

काकांना झोपेत काही क्षण उमगलं नाही. मग ते दारातच खाली बसले, बिडी काढली, आणि त्या खोलीत कितीतरी महिन्यांनी काडी ओढली.

"लागला म्हन्तो का नंबर त्याईचा? बरं झालं बाप्पा."