टर्नपाइकवर मोजलेल्या गाड्या

न्यू जर्सी टर्नपाइक हा अमेरिकेतला टोलचा महामार्ग तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. लेक-जावई एडिसनला असले की तो रस्ता लागतोच. मला सांगा, तिथे वेगमर्यादा कोण पाळतं? (हशा) कुणीच नाही. आता हे उत्तर लक्षात ठेवा.

1990च्या दशकात तिथल्या एका कोर्टात सतरा आरोपींचे वकील म्हणाले, आमच्या अशिलांना कातडीचा रंग बघून अडवलं. पोलीस म्हणाले, छे, वेग जास्त होता. पंचाईत अशी की वेग खरंच जास्त होता.

मग जॉन लॅम्बर्थ नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी साधं काम केलं. माणसं रस्त्याकडेला बसवली आणि बेचाळीस हजारांहून जास्त गाड्या मोजल्या. साडेतेरा टक्के गाड्यांत कृष्णवर्णीय माणूस होता. मग दुसरी मोजणी. मर्यादा ताशी 55 मैलांची; एक गाडी 60 वर ठेवून हाकली आणि तिला मागे टाकून कोण जातं ते टिपलं. जवळपास सगळेच जात होते, गोरे आणि काळे सारखेच. पोलिसांनी अडवलेल्यांत मात्र कृष्णवर्णीय सुमारे 35 टक्के! सगळेच नियम मोडत असतील तर पावती कुणाच्या हातात पडायची हे नियम ठरवत नाही, शिपाई ठरवतो. मार्च 1996 मध्ये न्यायाधीश रॉबर्ट फ्रान्सिस यांनी हे मान्य केलं आणि झडतीत सापडलेला पुरावा बाद केला.

आणि तीनच महिन्यांनी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘व्रेन’ खटल्याचा निकाल दिला. दोन कृष्णवर्णीय तरुणांची गाडी स्टॉपच्या पाटीपाशी वीसेक सेकंद थांबली, मग सिग्नल न देता वळली. साध्या वेशातल्या पोलिसांनी ती अडवली, आत कोकेन मिळालं. नऊच्या नऊ न्यायमूर्ती म्हणाले: नियम मोडला ना, मग अडवणं कायदेशीर; पोलिसाच्या मनात काय होतं ते चौथी घटनादुरुस्ती, म्हणजे अवाजवी झडती-अटकेपासून वाचवणारी तरतूद, विचारत नाही. वंशभेदाची तक्रार असेल तर समान संरक्षणाच्या, म्हणजे कायद्याने सगळ्यांना सारखं वागवण्याच्या, कलमाखाली या. पण तिथे हेतू सिद्ध करावा लागतो. म्हणजे एका दारात मन बघायचं नाही, आणि दुसऱ्या दारात मनाचाच पुरावा आणा. मला हा निकाल तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही.

दारू पिऊन गाडी चालवण्याला तिकडे ‘ड्रायव्हिंग व्हाइल इंटॉक्सिकेटेड’ म्हणतात, त्याच चालीवर लोकांनी ‘ड्रायव्हिंग व्हाइल ब्लॅक’ हा शब्द पाडला. काळे असताना गाडी चालवण्याचा गुन्हा! 1999 मध्ये खुद्द न्यू जर्सी सरकारनेच कबूल केलं की हा प्रकार खरा आहे. त्यांच्याच अहवालात दर चार झडत्यांतल्या तीन कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक लोकांच्या होत्या.

मोजणीची पुढची युक्ती मला फार आवडते. संध्याकाळी सातला उन्हाळ्यात उजेड असतो, हिवाळ्यात अंधार. घड्याळ तेच, रस्त्यावरचे लोकही साधारण तेच. फरक इतकाच की अंधारात चालकाचा चेहरा दिसत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी देशभरातल्या साडेनऊ कोटींच्या आसपास नोंदी चाळल्या. अंधार पडला की अडवलेल्यांत काळ्यांचं प्रमाण घटत होतं.

फिलांडो कॅस्टिल यांना मात्र भर सांजेच्या उजेडात अडवलं होतं. जुलै 2016, मिनेसोटातलं फॅल्कन हाइट्स. शाळेच्या भोजनगृहात काम करणारा हा माणूस तेरा वर्षांत चाळीसहून जास्त वेळा अडवला गेला होता. त्या दिवशी पोलिसाने वायरलेसवर सांगितलं, नाक रुंद आहे, दरोड्यातल्या संशयितासारखा दिसतो. कॅस्टिलना सांगितलेलं कारण होतं ब्रेकचा दिवा. गाडीत बसल्या जागी त्यांना गोळ्या घातल्या. पोलीस पुढच्या वर्षी निर्दोष सुटला.

फिलाडेल्फियाने 2021 मध्ये आठ बारीकसारीक चुकांची यादी केली. नुसत्या त्यांच्यासाठी गाडी थांबवायची नाही, असा तो कायदा आहे. आरशाला काही लटकवलंय, बंपर जरासा निखळलाय, तपासणीचा स्टिकर नाही. आणि हो, एक ब्रेकचा दिवा बंद असणं त्या यादीत आहे.