मुगाएवढं रोप

(पत्र्यावर कोसळणारा पाऊस. खाली फळीवर चहाच्या कपाएवढ्या कुंड्यांची ओळ.)

हे फोंडा. महिना जुलैचा. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा गावात गेली ११ वर्षं मी मेक्सिकोच्या कोरड्या डोंगरांतली एरिओकार्पस नावाची कॅक्टसची झाडं बियांपासून वाढवते आहे.

निवडुंग आपल्याला नवा नाही. शेताच्या वईवर त्रिधारी निवडुंग असतोच. तो मोडला की दूध गळतं; तो युफोर्बिया, कॅक्टसच्या कुळातला नव्हे. कॅक्टसचं कूळ जवळजवळ सगळं अमेरिका खंडातलं. आपला काजू आला तिथूनच, मिरचीही तिथलीच. काटे जिथून फुटतात तिथे लोकरीची बारीकशी गादी दिसली, की ओळखायचं, हा कॅक्टस.

(हात चाळणीने लाल चुरा चाळताना.)

पेरणी मी दिवाळीनंतर करते. हवा कोरडी होते, ऊब मात्र टिकून असते. चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, चुरा पिठाच्या चाळणीने चाळायचा, बारीक धूळ टाकून द्यायची, उरलेल्या खड्यांत जाड वाळू आणि थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळायचं. मग हे सगळं मोदकपात्रात वाफवून घ्यायचं, म्हणजे बुरशी मरते. (त्यासाठी जुनं मोदकपात्र वेगळं ठेवलंय. चवथीचं कुणी मागू नये.)

बी काळं, खसखशीसारखं. ते पुरायचं नाही. त्याला उजेड हवा, म्हणून वरच पसरायचं. कुंडी पाण्यात ठेवून खालून भिजवायची आणि पारदर्शक डब्यात झाकून टाकायची. वाळवंटातल्या झाडाचं बाळपण असं दमट हवेत जातं, हे पहिल्यांदा मला खरंच वाटेना. आठवड्या-दीड आठवड्यात हिरवे मणी दिसू लागतात. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक मण्याच्या माथ्यावर दोन दलांची खूण असते, आणि पुढे त्यांच्या मधोमध केसासारखे पहिले काटे येतात.

हे एरिओकार्पस. मोठेपणी याला काटे नसतात. ते दगडांत दगड होऊन बसतं. पण लहानपणी असतात. रोप विकत आणणाऱ्याला ते कधी दिसत नाहीत. मला दिसले.

वर्षभरात रोप मुगाएवढं होतं. दुसऱ्या वर्षी वाटाण्याएवढं. शेजारच्या काकी दर चवथीला येतात, वाकून बघतात आणि विचारतात, "गो, हे वाढतं तरी कधी?" वाढ खाली चाललेली असते. कुंडी बदलताना कळतं, वर वाटाणा आणि खाली गाजरासारखं जाड मूळ.

पाऊस मात्र दया करत नाही. तिसऱ्या पावसाळ्यात पन्हळ तुंबली आणि एका डब्यात रात्रभर थेंब पडत राहिले. सकाळी रोपं काचेसारखी पारदर्शक होऊन आडवी पडली होती. ६० होती, १४ उरली. त्या दिवशी मी जेवले नाही. तेव्हापासून पावसाळ्यात पाणी जवळजवळ बंद, पंखा चालू, आणि पिठ्या ढेकूण ही कीड शोधायला रोज संध्याकाळी विजेरी घेऊन फेरी.

घाई असेल तर ड्रॅगनफ्रूटच्या खुंटावर कलम करता येतं. रोप झपाट्याने फुगतं. कुजायला लागलेलं रोप वाचवायला मीही ते करते, पण एरवी नाही. फुगलेल्या रोपाच्या अंगावर ती खडबडीत, दगडासारखी घडण येत नाही, आणि मला तीच बघायची असते.

बियांपासून वाढवण्याचं दुसरंही एक कारण आहे. मेक्सिकोच्या डोंगरांतून ही झाडं चोरून उपटली जातात, कारण मोठं झाड तयार व्हायला फार वर्षं लागतात. म्हणून एरिओकार्पसच्या सगळ्या जाती साइट्स या, धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. रानातल्या झाडांच्या व्यापाराला बंदी आहे. माझ्या फळीवरचं प्रत्येक झाड बियांतून आलेलं आहे, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येतं.

(लोकरीतून वर येणारी कळी.)

नवव्या वर्षी, नोव्हेंबरात, लोकरीतून एक टोक वर आलं. मला वाटलं, कीड लागली. तिसऱ्या दिवशी अकराच्या उन्हात पांढरं फूल उघडलं, झाडाहून थोडंच लहान. मी काकींना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या आणि खूप वेळ काही बोलल्या नाहीत.

त्याच आठवड्यात दुसऱ्या झाडालाही फूल आलं. एका फुलातले पराग बारीक कुंचल्याने दुसऱ्यावर नेले. फळ लोकरीतच दडून वाळलं. पुढल्या वर्षी चिमट्याने लोकर बाजूला सारली, तर आत काळं बी होतं.

(पुन्हा पाऊस. पुन्हा तीच ओळ.)

सुरुवातीला पाहिलेल्या कुंड्यांत तेच बी रुजलंय. गेल्या दिवाळीनंतर पेरलं. ४१ रोपं आहेत, आज सकाळीच मोजली.