वळवाच्या ढगाची कड

मित्रहो, या व्याख्यानमालेच्या दुसऱ्या दिवशी मांडवाची पूर्वेकडची बाजू वाऱ्याने उचलली आणि वक्त्यांना भाषण आटोपते घ्यावे लागले, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. मला आज आकाशाविषयी बोलायला सांगितले गेले, त्यामागे बहुधा तीच संध्याकाळ असावी.

एप्रिलच्या अखेरीस सांगली-तासगाव भागात वळवाच्या ढगांचे आणि वादळी वाऱ्याचे जे आठवडाभर चालले होते, त्याचे कारण पुष्कळ दूरवर पसरलेले असते. या दिवसांत वायव्येकडून येणारे कोरडे, तापलेले वारे आणि बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येणारे आग्नेयेचे वारे यांची गाठ विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या अंतर्भागापर्यंत गेलेल्या एका पट्ट्यात पडते. बातम्यांमध्ये या पट्ट्याचा उल्लेख बहुधा ‘द्रोणीय स्थिती’ असा होतो. पट्टा आपल्या जवळ सरकला की सकाळपासून अंग चिकचिकते, दुपारी उकाडा असह्य होतो आणि घरातली वडीलधारी माणसे ‘आज वळीव येणार’ असे सांगून मोकळी होतात. त्यांचा अंदाज अनेकदा बरोबर येतो, कारण घाम वाळत नाही याचा अर्थ हवेत बाष्प आहे, एवढे त्यांच्या कातडीला कळलेले असते.

ढगांची नावे मात्र आपण शाळेत पाठ केली आणि विसरलो. 1802 साली लंडनमधल्या ल्यूक हॉवर्ड या औषधनिर्मात्याने एका छोट्या मंडळापुढे व्याख्यान देऊन सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस आणि निंबस हे लॅटिन शब्द ढगांना लावले. आजचे दहा मुख्य प्रकार त्याच शब्दांच्या जोडण्यांतून आलेले आहेत. पुस्तकांत या प्रकारांची दहा छायाचित्रे शेजारी शेजारी छापलेली असतात आणि त्यामुळे आपला असा समज होतो की, ढग हा एखाद्या झाडासारखा एका जातीचा जन्मतो आणि त्याच जातीचा मरतो. उन्हाळ्यातल्या आकाशाच्या बाबतीत तरी हा समज सोडून द्यावा लागतो. इथे नाव म्हणजे ढगाच्या वयाचा एक टप्पा आहे.

त्या आठवड्यातल्या मंगळवारचेच पाहू. सकाळी आठच्या सुमारास मध्यम उंचीवर बारीक ढगांची एक ओळ होती. तळ सपाट आणि वर किल्ल्याच्या तटावरच्या बुरुजांसारखे उंचवटे. याला आल्टोक्युम्युलस कॅस्टेलॅनस म्हणतात. वरच्या थरातली हवा अस्थिर आहे, हे हा ढग सकाळीच सांगून जातो. दहापर्यंत तो विरला आणि आकाश निरभ्र दिसू लागले. नवखा माणूस फसतो तो इथेच. दुपारी पूर्वेला कापसाच्या ढिगासारखे क्युम्युलस उठले. जमिनीवरून वर जाणारी हवा दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी थंड होते आणि बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या उंचीवर ढगाचा सपाट तळ तयार होतो. ही उंची काढण्याचा ठोकताळा सोपा आहे: जमिनीजवळचे तापमान आणि दवबिंदू, म्हणजे हवा जेवढी थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, यांच्यातील फरकाला 125ने गुणावे, उत्तर मीटरमध्ये येते. तापमान 40 आणि दवबिंदू 18 असेल, तर तळ पावणेतीन किलोमीटरवर. रत्नागिरीला 33 आणि 26 असतील, तर एका किलोमीटरच्याही खाली.

हा उंच तळ नीट लक्षात घ्यावा, कारण आपल्याकडच्या वळवाचा सारा स्वभाव त्यात आहे. ढगातून सुटलेला पाऊस जमिनीपर्यंत येताना दोन-अडीच किलोमीटर कोरड्या हवेतून पडतो, वाटेतच त्यातला बराच भाग वाळतो, आणि त्या वाळण्याने थंड होऊन जड झालेली हवा खाली कोसळून जमिनीवर चहूकडे पसरते. पावसाआधी येणारी धूळ, आपटणारी दारे, उडणारे पत्रे आणि आपल्या मांडवाची ती बाजू, हे सगळे या कोसळलेल्या हवेचे काम. कित्येकदा पाऊस वरच संपतो आणि आपल्या वाट्याला नुसती धूळ येते.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे ढगाची कड. वाढणाऱ्या क्युम्युलसचा माथा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा रेखीव दिसतो, कारण तो पाण्याच्या थेंबांचा बनलेला असतो. माथा बराच वर गेल्यावर थेंबांचे हिमकण होऊ लागतात आणि ती कड पिंजलेल्या कापसासारखी धूसर होते. त्या क्षणापासून तो क्युम्युलोनिंबस, म्हणजे गडगडाटी ढग. आत हिमकण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार वेगळे होतात. धन भार वर जातो, ऋण भार खाली राहतो. पुढे माथा वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराच्या छताला, आपल्या भागात साधारण 16 किलोमीटरवर, टेकला की आडवा पसरून लोहाराच्या ऐरणीचा आकार घेतो. ऐरण डोक्यावर येईपर्यंत फोटो काढत गच्चीवर थांबणे हा शुद्ध वेडेपणा आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदही लागले नाहीत, तर ती 10 किलोमीटरच्या आत आहे, आणि अशा वेळी पक्क्या घरात जावे, झाडाखाली नव्हे.

तासगावकडच्या एका बागायतदार मित्राचा शेवटचा बेदाणा तेव्हा शेडमध्ये रॅकवर होता. वाऱ्याबरोबर आत आलेल्या पावसाने तो काळा पडला की दर जातो, म्हणून तो रोज दुपारी मला फोन करून ‘ताडपत्र्या सोडू का?’ असे विचारीत असे. गुरुवारी मी त्याला फक्त कड पाहायला सांगितले. ती धूसर झाल्याचे त्याने स्वतःच ओळखले आणि अर्ध्या तासात गारांसह पाऊस आला. शनिवारी ढग तेवढाच काळा, तेवढाच भीतिदायक दिसत होता, गड्यांनी दोरही सोडायला घेतले होते. पण माथा शेवटपर्यंत रेखीव राहिला आणि ऊन उतरल्यावर ढग बसून पसरट झाला. ताडपत्र्या गुंडाळलेल्याच राहिल्या.