प्रश्नचिन्हांची फाइल

(पुण्यातल्या छोट्या संस्थांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आत येताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला सांगितलं, "आमचा बॅकअप रोज होतो." माझाही व्हायचा. रोज रात्री दोन वाजता, सलग दोन वर्षं. त्याचीच गोष्ट आधी सांगतो.

एका जुन्या वाचनालयाची साइट माझ्याकडे होती. सभासदांनी लिहिलेली पुस्तक-परीक्षणं, व्याख्यानांची टिपणं, वाचकांची पत्रं, सगळं मराठीत. मी लिहिलेली एक छोटी पीएचपी स्क्रिप्ट रोज रात्री डेटाबेसमधला मजकूर काढायची, झिप करायची आणि मला मेल करायची. एका जून महिन्यात होस्टिंगवाल्यांच्या सर्व्हरची डिस्क गेली. त्यांनी ठेवलेली प्रत त्याच मशीनवर होती, तीही गेली. मी निर्धास्त होतो. शेवटच्या मेलमधली झिप उघडली, नव्या डेटाबेसमध्ये चढवली, नोंदी मोजल्या. एकही कमी नव्हती. मग साइट उघडली. शीर्षकाच्या जागी प्रश्नचिन्हं, खाली परिच्छेदच्या परिच्छेद प्रश्नचिन्हांचे. तारखा, पुस्तकांच्या किमती, मधले इंग्रजी शब्द जागच्या जागी. मराठी अक्षर एकही नाही.

झालं असं होतं की, माझी स्क्रिप्ट डेटाबेसशी बोलताना कोणत्या लिपिसंचात, म्हणजे अक्षरांच्या कोणत्या संगणकीय तक्त्यात, बोलायचं ते सांगतच नव्हती. जुन्या मायएसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, न सांगितल्यास लॅटिन-१ हा रोमन अक्षरांपुरता लिपिसंच धरला जायचा. लॅटिन-१मध्ये 'क' नाही, 'ळ' नाही, वेलांटीही नाही. जे अक्षर बसत नाही त्याच्या जागी सर्व्हर प्रश्नचिन्ह ठेवतो आणि पुढे जातो. साइट स्वतः मात्र सगळ्या लिप्या सामावणारं यूटीएफ-८ मागून घ्यायची, त्यामुळे पडद्यावर दोन वर्षं सगळं सुरेख दिसत होतं.

इथे एक फरक लक्षात घ्या. रिस्टोअर केल्यावर मराठीच्या जागी टोपी घातलेली, टिंबं असलेली विचित्र रोमन अक्षरं दिसली तर घाबरू नका. तिथे मूळ बाइट बहुधा शाबूत असतात, फक्त चुकीच्या लिपिसंचाने वाचले जात असतात. ते उलटवता येतं. प्रश्नचिन्ह आलं की तिथलं अक्षर संपलं. 'शाळा' या शब्दाचीही चार प्रश्नचिन्हं होतात आणि 'वाचन'चीही चारच, कारण काना वेगळा मोजला जातो. त्यातून मागे जाण्याची वाट नाही.

आणि खूण रोज माझ्या मेलमध्ये येत होती. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, प्रश्नचिन्ह एक. म्हणजे झिप न केलेली फाइल असायला हवी त्याच्या जवळपास एक तृतीयांश होती. मी ती दोन वर्षांत एकदाही नुसती नोटपॅडमध्ये उघडून पाहिली नाही.

काही लेख आम्हाला इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुनी वेबपानं जपणाऱ्या संग्रहात, मिळाले. एका ज्येष्ठ सभासद बाईंनी आपल्या परीक्षणांच्या छापील प्रती घरी फाइलला लावून ठेवल्या होत्या, त्या परत टाइप केल्या. पत्रं गेली. ज्यांनी ती लिहिली त्यांतले काही आज हयात नाहीत.

आता कामाचं. साइट दोन ठिकाणी राहते. वर्डप्रेस असेल तर फोटो, पीडीएफ 'अपलोड्स'मध्ये, थीम आणि प्लगइन त्याच्या शेजारी, डेटाबेसचा पासवर्ड कॉन्फिग फाइलमध्ये. हा झाला फाइलींचा भाग, तो कॉपी करणं सोपं. लेख, सभासद, सेटिंग हे सगळं डेटाबेसमध्ये. चालू डेटाबेसच्या फाइली तशाच उचलून आणल्या तर अर्धवट अवस्थेतलं काहीतरी हाती येतं. त्याचा डम्प घ्यावा लागतो, म्हणजे सगळ्या नोंदी एका साध्या फाइलमध्ये उतरवून घ्याव्या लागतात. त्यासाठीच्या मायएसक्यूएलडम्प या साधनाला 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा पर्याय दिला की इनोडीबी या प्रकारच्या टेबलांची एकाच क्षणाची प्रत मिळते आणि साइट थांबवावी लागत नाही. लिपिसंच स्पष्ट सांगा, 'यूटीएफ८एमबी४'. मायएसक्यूएलचं जुनं 'यूटीएफ८' तीन बाइटांपर्यंतच जातं. त्यात मराठी बसते, इमोजी बसत नाही. एखाद्याने अभिप्रायात हात जोडलेला इमोजी टाकला की सर्व्हरच्या सेटिंगप्रमाणे एक तर तो अभिप्राय नाकारला जातो, नाही तर इमोजीपासून पुढचा मजकूर कापला जातो.

डम्प झाला की फाइलची शेवटची ओळ बघा. मायएसक्यूएलडम्प काम पूर्ण झाल्यावर तिथे 'डम्प कम्प्लिटेड' असं लिहून तारीख-वेळ टाकतो. डिस्क भरली, जोडणी तुटली, होस्टिंगने वेळ संपली म्हणून प्रक्रिया मारली, तर फाइल तयार झालेली दिसते पण ती ओळ नसते. पाच सेकंदांचं काम आहे.

मोठ्या ठिकाणी अशी चूक होत नसेल, असं कुणाला वाटेल. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत रात्री उशिरा दुरुस्ती करणाऱ्या इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरवरची म्हणून मुख्य सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसायला घेतली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, पण तोवर सुमारे ३०० जीबीतले ४.५ जीबी उरले होते. बॅकअप आणि प्रतिकृतीच्या पाच व्यवस्था होत्या, ऐन वेळी एकीवरही भिस्त ठेवता आली नाही. रोजचा डम्प तर बऱ्याच दिवसांपासून फसत होता, कारण डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीचा आणि डम्प घेणारं साधन ९.२चं. फसल्याचे मेल निघत होते, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवरून, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीवरून, त्यांनी सगळं उभं केलं आणि सगळी हकिकत जगासमोर मांडली. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. म्हणून सांगतो, चुकल्यावर येणाऱ्या मेलवर विसंबू नका. बरोबर झाल्याचा मेल रोज मागवा आणि तो आला नाही की चौकशी करा.

प्रत कुठे ठेवायची, हे पुणेकरांना मी काय सांगावं! १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात आजोबांची हस्तलिखितं होती आणि त्यांच्या नकलाही, दोन्ही एकाच फडताळात. दोन्ही एकाच दुपारी चिखल झाल्या. जी एक वही आज घरात आहे, ती त्यांच्या विद्यार्थ्याने उतरवून साताऱ्याला नेली होती म्हणून आहे. १० मार्च २०२१ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांतल्या काहींचं दोन्ही गेलं. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम यासाठीच आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. लहान संस्थेला सर्व्हर, कार्यालयातली हार्ड डिस्क आणि एक क्लाउड खातं एवढं पुरतं. मात्र सर्व्हरला त्या क्लाउडवरचं पुसायचा अधिकार देऊ नका, नाहीतर सर्व्हरमध्ये घुसलेला माणूस तिथलंही पुसेल. आणि झिप वेबसाइटच्याच फोल्डरमध्ये पडू देऊ नका. नाव ओळखून कुणीही उतरवून घेतो, आणि त्यात तुमच्या सभासदांचे फोन नंबर असतात.

जुन्या प्रती किती ठेवायच्या? रोजच्या सात, आठवड्याच्या चार, महिन्याच्या बारा, असं मी करतो. साइटमध्ये शिरलेला घातक कोड कधी कधी महिनोन्‌महिने गुपचूप बसलेला असतो. कालचीच प्रत असेल तर तोही तिच्यात असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यासाठीच मी आज आलोय. दर तीन महिन्यांनी लॅपटॉपवर साइट परत उभी करा. घड्याळ लावून. साइटचा वेब-पत्ता लॅपटॉपसाठी बदलताना डम्पमध्ये सरसकट शोधा-बदला करू नका. वर्डप्रेस काही सेटिंग शब्दांच्या लांबीसकट साठवतं, लांबी चुकली की ती वाचताच येत नाहीत. त्यासाठीचं डब्ल्यूपी-सीएलआय हे साधन ती लांबी सांभाळून बदल करतं. साइट उभी राहिली की मुखपृष्ठ बघून उठू नका. सर्वांत जुना लेख उघडा, एखादी पीडीएफ उघडा, लॉगिन करून बघा.

आणि मराठीसाठी माझी स्वतःची एक चाचणी आहे. 'दऱ्या' हा शब्द शोधा. जुन्या मजकुरात त्यातला अर्धा र बऱ्याचदा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह मिळून लिहिलेला असतो. मजकूर इकडून तिकडे नेताना एखादं 'साफसफाई' करणारं साधन ते न दिसणारं चिन्ह काढून टाकतं आणि सह्याद्रीतल्या दऱ्यांचा दर्या होतो. एका पाककृतींच्या साइटवर 'आचाऱ्यांना' सगळीकडे 'आचार्यांना' झालेलं मी पाहिलंय. नोंदींची संख्या बरोबर, फाइलचा आकार जवळपास तोच, प्रश्नचिन्ह एकही नाही. हे फक्त मराठी वाचणाऱ्या माणसालाच सापडतं. म्हणून तपासायला तांत्रिक माणसाबरोबर तुमच्या संस्थेत मुद्रितं तपासणारं जे कुणी असेल, त्यांना शेजारी बसवा.

तुम्हाला निरोप दिला होता, कालच्या बॅकअपची फाइल बरोबर आणा म्हणून. पेन ड्राइव्ह आणलेत ना? या, इथे पुढे या. पहिल्या रांगेतल्या काकूंपासून सुरुवात करू. फाइल उघडा, अगदी खाली जा, आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचा.