खोली नंबर १४ : स्वीडनची नवी गाणी शोधताना

[ट्रामच्या काचेतून. बाहेर अंधार, ओले रूळ]

दुपारचे साडेतीन वाजलेत. हो, दुपारचेच. हे डिसेंबरमधलं गोथेनबर्ग, स्वीडनमधलं दोन नंबरचं शहर, आणि इथले लोक त्याला गोथेनबर्ग म्हणतच नाहीत, ते म्हणतात यॉतेबॉरी, आणि आठ दिवस राहूनही आम्हाला ते त्यांच्यासारखं काही म्हणता आलं नाही, प्रत्येक वेळी समोरचा गालातल्या गालात हसायचा. सूर्य आत्ताच गेला, आता उद्या नऊच्या आसपास.

निळ्या-पांढऱ्या ट्राम आणि खिडक्या-खिडक्यांत टांगलेले कागदी तारे. पहिले दोन दिवस आम्ही नुसते तारेच शूट करत बसलो होतो.

पिंपरी-चिंचवडकडचे असाल तर एसकेएफचा बोर्ड बघितला असेल, बेअरिंगवाली कंपनी. ती इथली, १९०७ ची, आणि व्होल्वो पण तिच्याच पोटातून निघालेली. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी घरांत या गावाचा पगार आलाय. गाणी मात्र फारशी आली नाहीत. आम्ही आलोय ती गाणी शोधायला.

[पडद्यावर काही नाही, फक्त गिटार]

माझ्यासाठी हे सगळं एका जाहिरातीपासून सुरू झालं. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउताराच्या रस्त्यांवरून हजारो रंगीत चेंडू उड्या मारत येतात, टीव्हीची जाहिरात, २००५ ची, मागे एकटी गिटार आणि एक शांत आवाज. होसे गोन्झालेस. नाव ऐकून मला वाटलं अर्जेंटिनाचा असणार, तर आईवडील खरंच तिकडचे निघाले, पण हा गडी जन्मला-वाढला गोथेनबर्गमध्ये, आणि गाण्यात पडायच्या आधी युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्रीची पीएचडी करत होता. गाण्याचं नाव ‘हार्टबीट्स’. कित्येक वर्षं मी ते त्याचंच गाणं समजत होतो.

ते त्याचं नव्हतंच! मूळ गाणं द नाइफचं. करीन आणि ओलोफ ड्रायर, बहीणभाऊ, ते पण याच शहरात वाढलेले. मूळ गाण्यात गिटार औषधालासुद्धा नाही, सगळा सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, नि करीनचा तो कापत जाणारा आवाज. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आवडलं नाही, खरं सांगतो. तिसऱ्यांदा ऐकल्यावर गिटारवालं व्हर्जन फिकं वाटायला लागलं.

द नाइफला २००३ चं स्वीडिश ग्रॅमी मिळालं तेव्हा हे दोघं घ्यायला गेलेच नाहीत. गोरिलाच्या वेशात दोघांना पाठवलं, अंगावर ५० आकडा लिहून. संगीताच्या धंद्यात सगळे पुरुषच भरलेत, निम्म्या बायका कुठायत, असं विचारायला. ते फुटेज आम्हाला मिळालं नाही, त्यामुळे डोळ्यासमोर आणा, दोन गोरिला, बक्षीस घेतायत.

[कॉर्टेडाला. चढावरच्या इमारती, खाली ट्रामचा स्टॉप]

आता आपण आलोय कॉर्टेडालाला. १९५० च्या दशकात बांधलेली कॉलनी, आपल्याकडच्या म्हाडाच्या वसाहतीसारखीच समजा, फक्त मधे झाडं जास्त आणि आवाज कमी. या वस्तीचं नाव जगभरच्या इंडी पॉप ऐकणाऱ्यांना माहितीये ते जेन्स लेकमन या गायकामुळे. त्याचा २००७ चा अल्बम, ‘नाइट फॉल्स ओव्हर कॉर्टेडाला’. कॉर्टेडालावर रात्र होते. आम्ही त्या स्टॉपवर उभं राहून बघितली, हळूहळू होते.

लेकमनची करामत अशी की जुन्या रेकॉर्डमधले तुकडे कापायचे, कुठले व्हायोलिन, कुठला कोरस, आणि त्यावर स्वतःची फजिती गायची. मैत्रिणीच्या वडिलांसमोर तिचा खोटाखोटा होणारा नवरा म्हणून जेवायला बसलो, असलं गाणं. पण हे तुकडेच पुढे नडले. परवानग्यांच्या भानगडीत २०२२ मध्ये तो अल्बम बाजारातून गेला आणि त्याच गाण्यांचा थोडा बदललेला अल्बम दुसऱ्या नावाने आला. जुनी सीडी ज्यांच्याकडे आहे त्यांनी जपून ठेवा.

[अगदी जवळून : बोट, बटण, लाल दिवा]

हे बघा, ड्रम मशीन. काळा धातूचा डबा, दोन हातांत मावेल एवढा, खाली दोन ओळींत सोळा बटणं. यात कंपनीचं नाव घ्यावंच लागतं, एलेक्ट्रॉन, ती पण गोथेनबर्गचीच. चाल्मर्स नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे इथे, तिथल्या पोरांनी सुरू केली. १९९९ मध्ये त्यांनी कॉमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरमधली आवाजाची चिप काढून डब्यात बसवली आणि सिंथ म्हणून विकली. गेमच्या पिकपिक आवाजाचं वाद्य झालं.

सोळा बटणं म्हणजे एका आवर्तनाचे सोळा भाग. तबलेवाल्यांना हे दहा सेकंदांत कळेल, तीनतालच की हा, चार चारचे चार. एक, पाच, नऊ, तेरावर दिवा लावला की धड धड धड धड. झाला डिस्को. आता गंमत पुढे आहे. यात प्रत्येक मात्रेचा आवाज वेगळा बदलता येतो. म्हणजे सातव्या मात्रेला तोच ड्रम, पण जरा जाड, अकराव्याला तोच पण लांब गुहेतून आल्यासारखा. बटण दाबून धरायचं, गोल खुंटी फिरवायची, सोडायचं. एवढंच. माझ्या मित्राने कॅमेरा खाली ठेवला आणि अर्धा तास तेच करत बसला, म्हणून या भागाचं फुटेज कमी आहे.

स्वीडनमध्ये ही एकच कंपनी नाही बरं का. स्टॉकहोमला लाल रंगाचे नॉर्ड कीबोर्ड बनतात, टीनएज इंजिनिअरिंगचा तो खेळण्यासारखा दिसणारा ओपी-वन पण तिथलाच. एक कोटीच्या आसपास लोकसंख्या, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षा कमी, आणि एवढी वाद्यं. साउंडक्लाउड काढणारे दोघं स्वीडनचे. स्पॉटिफाय तर स्टॉकहोमचंच.

[रेकॉर्डचं दुकान. कव्हरांवरून फिरणारी बोटं]

आता स्पॉटिफायचा विषय निघालाच आहे तर. २०१९ मध्ये ते भारतात आलं तेव्हा मला वाटलं बस, आता सगळं घरबसल्या सापडणार. मिळालं काय, तर रॉबिन ही स्वीडिश गायिका ऐकली की परत रॉबिन, मग रॉबिनसारखी बाई, मग तिच्यासारखी बाई. रॉबिनबद्दल तक्रार नाही, मोठ्या कंपनीचा जाच नको म्हणून २००५ मध्ये स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, काढलेली बाई आहे ती, ‘डान्सिंग ऑन माय ओन’ लागलं की अजून माझे पाय हलतात. पण ॲल्गोरिदम आपल्याला आपल्याच गल्लीत गोल गोल फिरवतो. नवीन गल्ली दाखवत नाही.

हे दुकान बघा, एका जुन्या थिएटरात आहे. इथे मी रेकॉर्डची पुढची बाजू बघतच नव्हतो, उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचत होतो. कोणी वाजवलं, कोणत्या लेबलने काढलं. हीच माझी पद्धत. होसे गोन्झालेसच्या दौऱ्यांवर सोबत कोण? यूकिमी नागानो आणि ड्रमर एरिक बोदिन. हे दोघं लिटल ड्रॅगन या बँडचे. लिटल ड्रॅगन कुठून? याच शहरातल्या शाळेतून, शाळा सुटल्यावर एकत्र वाजवत बसणारी पोरं. जेन्स लेकमनचं इथलं लेबल सर्व्हिस. सर्व्हिसवर अजून कोण? द एम्बसी, द टफ अलायन्स. टफ अलायन्सवाल्यांनी पुढे स्वतःचं लेबल काढलं, सिन्सिअरली युअर्स, आणि त्यावर एअर फ्रान्स नावाची जोडी, विमान कंपनीशी काही संबंध नाही, २००८ ची त्यांची सहा गाण्यांची रेकॉर्ड आहे, ‘नो वे डाउन’. समुद्राच्या वाऱ्यात कुणीतरी लांबच्या लग्नाचा बँड ऐकतंय असं वाटतं. एवढं सगळं एका धाग्याने सापडलं, आणि धागा चालू झाला टीव्हीच्या जाहिरातीतून.

सॅली शापिरो मात्र वेगळ्याच धाग्याने मिळाली. हे तिचं खरं नाव नाही, आणि ती इतकी लाजरी की गाताना खोलीत कोणी नको, निर्मातासुद्धा बाहेर. २००६ चं पहिलं ‘डिस्को रोमान्स’ आधी ऐका. हिवाळ्यात नाचायचं संगीत.

स्टॉकहोमचं लॅब्राडोर लेबल, त्या लेबलवर आधी असलेला रेडिओ डिपार्टमेंट हा बँड, यंग लीन हा रॅपर आणि त्याची गँग, कोब्रा ही गायिका, हे सगळं आम्ही शूट केलेलं नाही. उन्हाळ्यात इथल्या स्लॉट्सकोगेन बागेत वे आउट वेस्ट फेस्टिव्हल होतं, २००७ पासून, २०१२ मध्ये तिथे मांसाहारी खाणंच बंद केलं होतं, तेही शूट केलं नाही, कारण आम्ही डिसेंबरात तडमडलो. त्याचं पोस्टर मिळालं तर वरची मोठी नावं सोडा, खालच्या दोन ओळी वाचा.

[लांब कॉरिडॉर. दोन्ही बाजूंना दारं. आवाज तसाच ठेवायचा]

आता ज्यासाठी आलो ते.

नदीपलीकडची एक जुनी इमारत. पत्ता सांगणार नाही, वाद्यं चोरीला जातात म्हणून त्यांनीच नको सांगितलं. लॉजसारख्या खोल्या, दारावर नंबर. एका दारातून मेटल, समोरच्यातून कोणीतरी तोच एक सूर वीस मिनिटं धरून बसलंय. हा आवाज आम्ही मिक्स केलेला नाही, कॉरिडॉर असाच वाजतो.

ही खोली बँडला जवळपास फुकटात पडते, आणि कशी ते नीट ऐका कारण मला या प्रवासात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच आहे. १९०२ मध्ये लुंड गावात दारूबंदी चळवळीतल्या लोकांनी एक अभ्यासमंडळ सुरू केलं. पुस्तकं विकत घ्यायला पैसे नाहीत, तर चार जणांनी मिळून घ्यायची, वाचायची, चर्चा करायची. त्याचं लोण पसरलं. कामगार चळवळीने १९१२ मध्ये स्वतःची संस्था काढली, एबीएफ, मग शेतकऱ्यांची, चर्चवाल्यांची. सरकार आणि नगरपालिका त्यांना अनुदान द्यायला लागल्या. शिकायचं काय ते तुमचं तुम्ही ठरवा. शिवणकाम, इटालियन भाषा, पक्षी ओळखणं. मग कधीतरी पोरं म्हणाली, आम्हाला बँड वाजवायचाय. वाजवा की! बँड म्हणजे पण अभ्यासमंडळच. तीन जण पाहिजेत, एकाने प्रमुख व्हायचं, आणि किती तास बसलात त्याची हजेरी.

दारूबंदीवाल्यांनी लावलेलं झाड, त्याच्या सावलीत आज कोण बसलंय बघा.

आपल्याकडे देवळात भजनी मंडळाची पेटी आणि पखवाज ठेवलेला असतो ना, गुरुवारी संध्याकाळी ज्याला यायचंय त्याने यावं, टाळ घ्यावा, बसावं. कुणी विचारत नाही तुला येतं का. तसंच हे, फक्त पखवाजाच्या जागी ड्रमसेट आणि किल्लीच्या जागी कार्ड. आणि त्याआधी लहानपणी नगरपालिकेची संगीतशाळा असते, १९४० च्या दशकापासून, ट्रम्पेट पाहिजे तर ट्रम्पेट, भाड्याने. जगातली निम्मी हिट गाणी ज्याच्या नावावर आहेत असं वाटतं तो मॅक्स मार्टिन तिथेच फ्रेंच हॉर्न शिकला.

२०२३ मध्ये सरकारने या संस्थांचं अनुदान टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरवलं, २०२६ पर्यंत वर्षाला ५० कोटी क्रोनर, हजेऱ्यांमधले घोळही त्याआधी बातम्यांत आले होते, काही जागा बंद झाल्या. ही बंद दारं त्यातलीच.

[बंद दारं. आठ सेकंद. निवेदन नाही]

खोली नंबर १४. भिंतीला अंड्यांच्या ट्रेसारखा फोम, जमिनीवर जुना गालिचा, त्याला चिकटपट्टीने लावलेल्या वायरी, रेडिएटरवर वाळत घातलेले हातमोजे. दोघीच आहेत अजून. एक सिंथवर, एक त्या सोळा बटणांच्या डब्यावर. वय अठरा-एकोणीस. बँडचं नाव आठवड्याला बदलतं म्हणून सांगू नका म्हणाल्या. एकही गाणं कुठे टाकलेलं नाही, त्यामुळे शोधू नका, सापडणार नाही.

दाराजवळ खिळ्याला हजेरीचा कागद. बऱ्याच ठिकाणी आता हे फोनवर होतं, इथे अजून कागदच. तारीख, वेळ, तीन नावांच्या तीन रेघा. दोन भरल्यात. तिसरी रिकामी, कारण ड्रमरची ट्राम चुकली आणि आम्ही सगळे, कॅमेऱ्यासकट, चाळीस मिनिटं त्याची वाट बघतोय. तेवढ्यात डब्यावरची पोरगी तेराव्या मात्रेवरचा दिवा काढते, परत लावते, परत काढते. काढलेलं बरं वाटतंय. सिंथवाली मान हलवते.

[दार. थंडीने लाल झालेला चेहरा, केसांत बर्फ]

आला. सॉरी म्हणाला बहुतेक, स्वीडिशमध्ये. हातमोजा दातात धरून काढला, पेन शोधलं, सापडलं नाही, माझ्याकडचं घेतलं.

[कागद अगदी जवळून. तिसरी सही]

चार मात्रा मोजल्या त्याने काठीवर. गाण्याला अजून नाव नाही.

[पूर्ण गाणं. निवेदन नाही]